कोंबड्यांच्या जाळीभोवती कोणती झाडं लावायची, कोणती उपटायची? आधी कुंपण तपासा

तालुका वार्ताहर : परसात पंधरा-वीस कोंबड्या असल्या की घरचं तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या अंड्यांवर निघतात. त्यातल्या चार-पाच एकदम मेल्या की आपण लगेच म्हणतो, मानमोडी आली. बऱ्याच वेळा ते खरंही असतं. पण जाळीला टेकून काय उगवलंय, हे कुणी बघत नाही.

मोकळी फिरणारी कोंबडी कडू पाला टोचून सोडून देते, कारण तिला दुसरं खायला मिळतं. जाळीत कोंडलेली कोंबडी मात्र समोर येईल ते खाते. पानापेक्षा जास्त धोका बियांचा. बी खाली पडतं आणि दाण्यासारखंच दिसतं. म्हणून झाड निवडताना एकच विचारायचं : याचं आत काय पडणार?

ही झाडं जाळीजवळ नकोत

• कण्हेर : लाल असो वा पांढरी, सगळं झाड विषारी. वाळलेला पालासुद्धा. छाटलेल्या फांद्या आवारात टाकू नका, कोंबड्यांना बसायला दांडी म्हणूनही वापरू नका.
• पिवळी कण्हेर (बिट्टी) : फळातलं बी हृदयावर परिणाम करतं.
• एरंड आणि मोगली एरंड : दोन्हीच्या बिया विषारी. बांधावर मोगली एरंडाचं कुंपण बऱ्याच ठिकाणी आहे. तिथं खुराडं टेकवू नका.
• धोतरा आणि गुंज : उकिरड्याकडेला धोतरा येतोच, गुंजेचा वेल कुंपणावर चढतो. शेंगा पिकायच्या आत उपटा.
• कासविंदा : पावसाळ्यात रस्त्याकडेला भरपूर येतो. बी दाण्यात मिसळून कोंबड्यांच्या पोटात गेलं तर पायातली ताकद जाते, चालता येत नाही.
• रुई, शेर, घाणेरी : रुई आणि शेराचा चीक डोळ्याला व कातडीला वाईट. घाणेरी गुरं-शेळ्यांच्या लिव्हरला बाधते, तीही लांबच बरी.

ही झाडं बिनधास्त लावा

• शेवगा : पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी फुटते. पाला कोंबड्यांना चालतो, शेंगा घरात येतात.

• तुती : फांदी लावून येते. पिकलेली फळं खाली पडली की कोंबड्या वेचून खातात.
• जास्वंद आणि मेहंदी : कुंपणासाठी चांगली, छाटून दाट करता येतात.
• पपई, केळी : सावली लवकर मिळते.
• गवती चहा, तुळस, कढीपत्ता : थोड्या जागेत बसतात, घरातही लागतात.

लावायचं कसं?

सावलीची झाडं पश्चिमेला आणि दक्षिणेला लावा. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. चोच उघडी ठेवून धापा टाकणाऱ्या कोंबडीला सावली आणि गार पाणी आधी लागतं. वर फांद्या असल्या की घारीला पिल्लं सहज दिसत नाहीत.

दाट झुडूप जाळीला चिकटवू नका. दोन-तीन फूट पट्टा मोकळा आणि साफ ठेवा. नाहीतर मुंगूस, साप, उंदीर यांना लपायला जागा होते.

कोवळ्या रोपाची मुळं कोंबड्या उकरून काढतात. बुडाशी दगड रचा किंवा जुन्या जाळीचं कडं करा. नर्सरीतल्या रोपाच्या पिशवीत कधी दाणेदार औषध टाकलेलं असतं, म्हणून रोप नीट लागेपर्यंत कोंबड्यांना तिथं जाऊ देऊ नका. या झाडांवर कीटकनाशक फवारू नका. पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणंही आवाराजवळ सांडू नका.

सगळ्यात सोपा उपाय : रोज जुडीभर हिरवा पाला जाळीत टांगा. पोट भरलेली कोंबडी नको त्या झाडाकडे कमी वळते.

कोंबडी अचानक मेली तर

सुस्ती, पंख पडणं, पातळ हगवण ही लक्षणं विषबाधेत दिसतात आणि रोगातही. नुसतं बघून ठरवू नका. बाकीच्या कोंबड्यांना तिथून हलवा, वेगळ्या बांधा. मेलेली कोंबडी उघड्या हातानं न धरता पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तर गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत काय होतं ते कळतं. संशय असलेल्या झाडाची फांदी आणि बीही सोबत न्या. पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. आणि मानमोडीची लस वेळेवर द्याच, कुंपण कितीही चांगलं असलं तरी.

या आठवड्यात संध्याकाळी एकदा जाळीभोवती चक्कर मारा. विळा सोबत ठेवा.