दमलेलें हृदय : आसूड कीं विसांवा ?

मनुष्याचें हृदय त्याच्या मुठीएवढें असतें. पण त्याच्या कामाचा हिशेब मांडूं गेल्यास मन थक्क होतें. मिनिटास सुमारें सत्तर ठोके, म्हणजे दिवसास सुमारें एक लक्ष. मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त, म्हणजे दिवसाकांठीं सात हजार लिटर. हें काम जन्मापूर्वीं सुरू होतें आणि त्यास सुट्टी ठाऊक नाहीं. असें हें अखंड राबणारें इंद्रिय जेव्हां शरीरास लागणारें रक्त पुरविण्यास अपुरें पडतें, किंवा तें पुरवितांना त्याच्या आंतील दाब प्रमाणाबाहेर वाढतो, तेव्हां त्या अवस्थेस आधुनिक वैद्यकांत ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. मराठींत तिला हृदयदौर्बल्य म्हणतां येईल.

इंग्रजी नांवामुळें पुष्कळांचा गैरसमज होतो. हृदय बंद पडणें म्हणजे हृदयदौर्बल्य नव्हे, आणि ‘हार्ट अ‍ॅटॅक’हि नव्हे. हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबून त्याच्या स्नायूचा कांहीं भाग मरतो, तो अ‍ॅटॅक. हृदयदौर्बल्य ही त्यानंतर उरणारी, हळूहळू वाढणारी व्यथा असूं शकते. दीर्घकाळ वाढलेला रक्तदाब, संधिवाताच्या ज्वरानें बिघडलेल्या झडपा, स्नायूचे स्वतःचे विकार, हींहि तिचीं कारणें आहेत. जिना चढतांना धाप लागते, संध्याकाळीं पावलांवर सूज येते, आणि रात्रीं उताणें निजलें असतां कोंडमारा होऊन उठून बसावें लागतें.

या व्यथेच्या उपचाराचा इतिहास एका साध्या प्रश्नाभोंवतीं फिरतो. चढावर गाडी ओढतांना बैल दमला, तर गाडीवानानें काय करावें ? आसूड ओढावा, कीं ओझें उतरवावें ? हा प्रश्न शेतकऱ्यास अवघड वाटणार नाहीं. वैद्यकास मात्र त्याचें उत्तर सांपडण्यास सुमारें दोनशें वर्षें लागलीं.

बर्मिंगहॅम येथील डॉक्टर विल्यम विदरिंग यांच्याकडे १७७५ सालीं एक घरगुती काढा अभिप्रायासाठीं आला. श्रॉपशायर परगण्यांतील एक वृद्ध स्त्री तो गुप्तपणें देत असे, आणि नामांकित डॉक्टरांनीं हात टेकलेले सूज आलेले रोगी त्यानें बरे होतात, अशी त्याची ख्याति होती. काढ्यांत वीस किंवा अधिक वनस्पति होत्या. विदरिंग हे वनस्पतिशास्त्राचेहि जाणकार असल्यामुळें त्यांतील कामाची वनस्पति एकच, ती म्हणजे फॉक्सग्लव्ह, हें त्यांनीं ओळखलें. पुढें दहा वर्षें त्यांनीं मात्रा बदलून पाहिल्या, आणि १७८५ सालीं १६३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. यशाचे तेवढे दाखले न निवडतां अपयशाचेहि त्यांनीं दिले, हें त्यांचें मोठेपण होय. हेंच तें डिजिटॅलिस. मात्रा थोडी चुकली कीं तेंच विष होतें. रोग्यास ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते आणि प्राणहि जातो. लघवी वाढवून सूज उतरविणें हाच त्याचा मुख्य गुण, असें विदरिंग यांस वाटे. तरी हृदयाच्या गतीवर त्याचा अंमल चालतो, हेंहि त्यांच्या सूक्ष्म नजरेंतून सुटलें नाहीं.

त्यानंतर दीडशें वर्षें उपचारांत फारशी भर पडली नाहीं. अंथरुणावर विश्रांति, मीठ वर्ज्य, डिजिटॅलिस, आणि पायांवरील सूज असह्य झाली तर कातडींत बारीक नळ्या खुपसून पाणी काढून टाकणें, एवढ्यावर भागवावें लागे. १९१९ सालीं व्हिएन्ना येथें उपदंशाच्या एका रोगिणीस पाऱ्याचें इंजेक्शन दिलें असतां तिच्या लघवीचें प्रमाण एकाएकीं वाढलें. ही गोष्ट आल्फ्रेड फोगल नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें हेरली, आणि पाऱ्याचीं मूत्रल औषधें प्रचारांत आलीं. १९५८ च्या सुमारास थायाझाइडच्या गोळ्या आल्या व पाऱ्याची गरज संपली.

निदानाचीं साधनें मात्र पुढें जात होतीं. पॅरिसच्या लाएनेक यांनीं १८१६ सालीं स्टेथॉस्कोप शोधला. १८९५ सालीं रॉन्टगेन यांनीं क्ष-किरण शोधल्यावर फुगलेल्या हृदयाची छाया कांचेवर दिसूं लागली. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर व हेलमुट हर्ट्झ यांनीं जहाजांच्या कारखान्यांत धातूंतील भेगा शोधण्यासाठीं वापरावयाचें ध्वनिलहरींचें यंत्र उसनें आणून तें छातीवर टेकविलें, आणि जिवंत हृदयाची हालचाल न कापतां न टोंचतां पाहतां आली. आज घरोघरीं ज्यास ‘इको’ म्हणतात, त्या तपासणीचा हा उगम.

इतकें दिसूं लागल्यावर डॉक्टरांचें अनुमान असें झालें : हृदयाचें आकुंचन दुर्बळ आहे, तर तें जोरदार करणारें औषध शोधावें. हें अनुमान इतकें सरळ होतें कीं त्याविषयीं शंका घेण्याचें कोणास कारण वाटलें नाहीं. १९६० नंतर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनांतून बीटा-ब्लॉकर नांवाचीं औषधें निघालीं. अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील अंमल तीं रोखतात, नाडी मंद करतात आणि आकुंचनाचा जोरहि कमी करतात. छातींतील कळ व रक्तदाब यांवर तीं गुणकारी ठरलीं. पण दुर्बळ हृदयाच्या रोग्यास तीं देऊं नयेत, अशी सक्त ताकीद वैद्यकाच्या पुस्तकांत छापली गेली.

ही ताकीद प्रथम मोडली ती स्वीडनमध्यें. गोथेनबर्ग येथील फिन वागस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं अवघ्या सात रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सातहि जणांचें हृदय फुगलेलें व नाडी जलद होती. त्यांस बीटा-ब्लॉकर दिलें असतां ते खचण्याऐवजीं सुधारले. या वृत्तांतावर फारच थोड्यांनीं विश्वास ठेवला. दमलेल्या बैलाचे पाय बांधल्यानें तो अधिक चालेल, असें कोण मानील ?

कोडें उलगडलें तें शरीराचे स्वतःचे व्यवहार समजले तेव्हां. हृदय कमी पडूं लागलें कीं शरीर अशी समजूत करून घेतें, कीं कोठें तरी मोठी जखम होऊन रक्त वाहून गेलें आहे. म्हणून तें अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीचीं द्रव्यें सोडून हृदयास पळवितें, रक्तवाहिन्या आवळतें, आणि मूत्रपिंडांकडून मीठ व पाणी धरून ठेवतें. खरोखरीची जखम असेल तर ही युक्ति प्राण वाचविते. पण येथें रक्त कमी नसतें; कमी असतें तें हृदयाचें बळ. त्यामुळें आवळलेल्या वाहिन्यांचा चढ आणि तुंबलेल्या पाण्याचें ओझें दोन्ही वाढतात, आणि वर आसूड पडतच राहतो. महिनोन्‌महिने असें चाललें कीं स्नायु झिजतो. आसूड बाहेरून आणावयाचा नव्हताच. तो शरीराच्याच हातीं होता, व तो काढून घ्यावयाचा होता.

या विचाराची पहिली मोठी कसोटी १९८७ सालीं झाली. ब्राझीलमधील जराराका नांवाच्या सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून रक्तवाहिन्या सैल करणारीं औषधें निघालीं होतीं. त्यांपैकीं एनालाप्रिल हें औषध स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथील अत्यवस्थ अशा २५३ रोग्यांवर तपासलें गेलें. कोणास औषध व कोणास नुसती गोळी हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें. सहा महिन्यांत नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४४ दगावले. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २६. हृदयास कोणतेंहि उत्तेजन न देतां, केवळ ओझें हलकें केल्यानें हें घडलें.

उलट बाजूची कसोटी १९९१ सालीं लागली. मिलरिनोन हें आकुंचन वाढविणारें औषध रोग्यास तत्काळ हुशारी देई, म्हणून डॉक्टर आणि रोगी दोघेहि त्यावर संतुष्ट होते. १,०८८ रोग्यांवर त्याच्या गोळ्यांची तपासणी झाली, आणि ती वेळेपूर्वींच थांबवावी लागली; कारण औषध घेणाऱ्यांत शेंकडा ३० मृत्यु झाले होते, व न घेणाऱ्यांत शेंकडा २४. ज्या औषधानें रोग्यास बरें वाटत होतें, तेंच त्याचें आयुष्य तोडीत होतें. ज्या डॉक्टरांनीं तें सद्बुद्धीनें दिलें, त्यांस रोग्याच्या उशाशीं बसून ही गोष्ट कधींहि कळली नसती. कारण दुर्बळ हृदयाचा रोगी दगावला तर त्याचा दोष रोगावरच जातो. शेंकडों रोग्यांची तुलना केल्यावांचून औषधाचा दोष दिसूंच शकत नव्हता. असलीं उत्तेजक औषधें आज वर्ज्य नाहींत. परंतु रक्तदाब कोसळला असतां, संकटाच्या घटकेपुरतीं तीं शिरेंतून दिलीं जातात.

बीटा-ब्लॉकरचा न्याय १९९९ सालीं झाला. बिसोप्रोलोलच्या तपासणींत २,६४७ रोगी होते. मृत्यूचें प्रमाण शेंकडा १७·३ वरून ११·८ वर आलें, आणि हीहि तपासणी वेळेपूर्वींच थांबवावी लागली. या खेपेस मात्र लाभ उघड झाला म्हणून. चोवीस वर्षांपूर्वींचे ते सात रोगी खरे ठरले. जें निषिद्ध होतें तें आवश्यक झालें. अट एवढीच, कीं अंगांतील पाणी उतरल्यावर अगदीं अल्प मात्रेनें आरंभ करावा व ती सावकाश वाढवावी. त्याच वर्षीं स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या मूत्रल औषधानेंहि मृत्यु टळतात असें दिसून आलें.

पण इतिहास येथें संपत नाहीं, कारण निदानाचाच एक वाद उभा राहिला. डाव्या खालच्या कप्प्यांत भरलेल्या रक्तापैकीं प्रत्येक ठोक्यास शेंकडा किती बाहेर फेंकलें जातें, हा आंकडा ‘इको’मध्यें मिळतो. तो चाळीस किंवा त्याहून कमी असलेले रोगीच वरील बहुतेक तपासण्यांत घेतले होते. परंतु हृदयदौर्बल्याच्या सुमारें निम्म्या रोग्यांत हा आंकडा पन्नास किंवा त्याहून अधिक, म्हणजे चांगला असतो. त्यांचें हृदय जोरानें आंवळतें. तें नीट सैल होत नाहीं, म्हणून भरतांना दाब वाढतो. असे रोगी बहुधा वयस्क, स्थूल किंवा रक्तदाबाचे असतात, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. आंकडा चांगला म्हणून त्यांची धाप वयावर वा वजनावर ढकलली जाई. १९८८ सालीं जपानी संशोधकांस डुकराच्या मेंदूंत सांपडलेलें, पण वस्तुतः ताणलेल्या हृदयांतून स्रवणारें बीएनपी हें द्रव्य रक्तांत मोजण्याची सोय झाली, तेव्हां निदानास मोठी मदत मिळाली. तीहि निर्दोष नाहीं. स्थूल माणसांत तें द्रव्य मुळांतच कमी असतें, म्हणून ज्यांचें निदान अवघड त्यांच्याच बाबतींत तें फसवूं शकतें.

या उपेक्षित निम्म्यांच्या मदतीस आलें तें मधुमेहाचें औषध. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं काढलेल्या एका द्रव्यावरून, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारीं औषधें पुढें घडविलीं गेलीं. तीं हृदयास अपायकारक तर नाहींत ना, एवढें पाहण्यासाठीं २०१५ सालीं झालेल्या एका तपासणींत तीं उलट हृदयदौर्बल्य टाळतात असें आढळलें. २०१९ सालीं डॅपाग्लिफ्लोझिनचा गुण मधुमेह नसलेल्या रोग्यांतहि दिसला. २०२१ सालीं एम्पाग्लिफ्लोझिननें आंकडा चांगला असलेल्यांचे रुग्णालयाचे फेरे कमी केले. मात्र त्यांचे मृत्यु स्पष्टपणें कमी झाले नाहींत. हीं औषधें हृदयास नेमकीं कशामुळें मानवतात, यावर विद्वानांचें अजून एकमत नाहीं.

दुसरा वाद क्रमाचा आहे. आज चार प्रकारचीं औषधें सिद्ध आहेत, आणि पुष्कळ वर्षें तीं ज्या क्रमानें शोधलीं गेलीं त्याच क्रमानें, एकामागून एक, महिन्यांच्या अंतरानें दिलीं जात. शास्त्रास जो मार्ग चालण्यास तीस वर्षें लागलीं, तो प्रत्येक रोग्यानें पुन्हां पायीं कां चालावा, असा सवाल नव्या पक्षानें केला. २०२२ सालीं १,०७८ रोग्यांच्या तपासणींत, रुग्णालयांतून घरीं गेल्यावर दोन आठवड्यांतच पूर्ण मात्रा गांठून वारंवार तपासणाऱ्यांचा पक्ष सरस ठरला. सहा महिन्यांतील मृत्यु किंवा पुन्हां भरती होण्याचें प्रमाण शेंकडा २३·३ वरून १५·२ वर आलें. पण इतक्या भेटी, इतक्या रक्ततपासण्या सामान्य रोग्यास झेपाव्यात कशा ? तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत २०१३ सालीं नोंदलेल्या १,२०५ रोग्यांचें सरासरी वय सुमारें ६१ होतें, म्हणजे पाश्चात्य रोग्यांहून जवळजवळ दहा वर्षें कमी. आणि विहित औषधें पुरतीं मिळालेले त्यांत थोडेच होते. भारतांत डॅपाग्लिफ्लोझिनच्या पेटंटाची मुदत संपून तें स्वस्त झालें, हें त्या दृष्टीनें प्रयोगशाळेंतील शोधाइतकेंच मोलाचें पाऊल होय.

आणि विदरिंग यांच्या फॉक्सग्लव्हचें काय झालें ? १९९७ सालीं ६,८०० रोग्यांवरील तपासणींत डिगॉक्सिननें रुग्णालयाचे फेरे कमी केले, पण मृत्यु नाहींत. तेव्हां पुष्कळांनीं तें औषध अडगळींत टाकलें. २०२५ सालीं त्याचेंच भावंड डिजिटॉक्सिन, नव्या औषधांच्या जोडीला व अल्प मात्रेनें, १,२१२ रोग्यांवर तपासलें गेलें. मृत्यु किंवा हृदयदौर्बल्यामुळें भरती, यांचें प्रमाण शेंकडा ४४·१ वरून ३९·५ वर आलें. ज्यास दोनशें वर्षें आसूड समजले, तें अल्प मात्रेंत खवळलेल्या मज्जातंतूंस शांत करणारा लगाम असावा, असा विचार आतां मांडला जातो. त्या वृद्ध स्त्रीच्या काढ्याविषयीं वैद्यकाचें शेवटचें मत अजून ठरावयाचें आहे; आणि तें ठरेल तेव्हां, मागील दोन्ही वेळांप्रमाणेंच, अनुमानानें नव्हे तर मोजणीनें ठरेल.