भिंत अजून ओली आहे

आम्ही सारंगखेड्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज एका खोलीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहान आहे, पण तिचा मागचा धागा ओढत गेलो तर तो फार लांब निघाला.

बाकी गावांत घराला रंग लागतो तो दिवाळीला. आमच्याकडे दिवाळी झाली तरी रंगकाम संपत नाही, कारण मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या एकमुखी दत्ताची यात्रा असते. घोड्यांचा बाजार भरतो, परमुलखातले व्यापारी येतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण यात्रेच्या दिवसांत घराघरांत काय होतं ते बाईला विचारा. लेकी, जावई, नणंदा, त्यांची पोरं, शिवाय नवस फेडायला आलेले लांबचे नातेवाईक. झोपायला ओसरी पुरत नाही. म्हणून ज्या घरात चार पैसे येतात ते घर आधी एक जादा खोली काढतं. तिला कुणी पाहुण्यांची खोली म्हणतं, कुणी लेकीची.

आमच्या गटातल्या एकीने अशी खोली काढली. विटा-सिमेंटची. कार्तिकी एकादशीनंतर आतून गिलावा झाला. दहा दिवस तिने स्वतः सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं. पाणी थांबवलं तेव्हा यात्रेला पंधरवडा उरला होता. लेक पहिलं बाळ घेऊन येणार होती. रंगारी म्हणाला, होऊन जाईल. पुट्टी लागली, प्रायमर लागला, वर पोपटी रंगाचे दोन हात बसले. रंगाला गटातून सात हजाराचं कर्ज काढलं होतं. यात्रेत ज्याने त्याने खोलीचं कौतुक केलं.

संक्रांतीला भिंतीवर फोड आले. नखाने टोकरलं की पापुद्रा निघायचा, आणि आत पांढरी, मिठासारखी बुरशी वाटावी अशी भुकटी. ती बुरशी नव्हती, खार होता. गटाच्या बैठकीत तिने सांगितलं तेव्हा तिला हप्त्याची जास्त काळजी होती, भिंतीची कमी. कापूस वेचून फेडायचं कर्ज, आणि भिंत महिनाभरात उघडी. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत गेल्या, भिंतीला पालथा हात लावला आणि अहिराणीत एवढंच म्हणाल्या, “भीत आजून वली शे, माय.”

मग आम्ही विचारलं, की आजी, तुमच्या वेळी तर गिलावा ओला असतानाच हात फिरवायचे ना? त्या म्हणाल्या, हो, ओल्यावरच. मग तेव्हा कसं टिकायचं आणि आता का टिकत नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आपल्या जुन्या बोलीत गावाच्या जमिनीचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, माणूस राहतो ती पांढरी. मातीची घरं पडायची, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहायची, राख, शेण, माती मुरायची आणि गावठाणाची जमीन फिकट पडायची. म्हणजे पांढरी हा शब्दच भिंतींपासून आला म्हणायला हरकत नाही. आमच्यापासून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की प्रकाशा लागतं. तिथल्या अशाच पांढरीच्या टेकाडात पुरातत्त्व खात्याने १९५४-५५ साली खणलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांच्या आसपास जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. त्या ताम्रपाषाण काळातल्या गावात कुंभार होता, सोनार होता आणि चुना भाजणाराही होता. इतका जुना आपला चुन्याशी संबंध.

पण गरिबाघरी चुना रोजचा नव्हता. आमच्या आज्यांच्या लहानपणी खानदेशात धाब्याची घरं होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची. सातपुड्याकडच्या पाड्यांवर कुडाच्या भिंती, बांबूच्या नाहीतर तुराट्या-पळाट्यांच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपलेल्या. हे लिंपणं, सारवणं, पांढऱ्या मातीचा पोतारा घेणं, खाली गेरूचा पट्टा ओढणं, सगळं बायांचं काम. गवंडी भिंत उभी करून जायचा, पण ती दरवर्षी जिवंत ठेवायची आपण. या कामाची मजुरी कधी कुणी मोजली नाही, तो विषय वेगळा. तेवढ्यावर एक भाषण होईल.

पोतारा ओल्या भिंतीवर बसतो, कारण माती मातीत मिसळते. चुन्याचं तर त्याहून चांगलं. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. असा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो. आजी सांगतात, चुन्याच्या मडक्याजवळ पोरांना फिरकू द्यायच्या नाहीत, डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जायचा. भिजलेला चुना गाळून, अंगाला पुसला जाऊ नये म्हणून थोडा डिंक नाहीतर सरस घालून, केकताडाच्या नाहीतर शिंदीच्या कुंच्याने मारायचा. आता खरी गंमत. चुना भिंतीवर नुसता वाळत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो, जिथून निघाला तिथेच परत जातो. या कामाला त्याला ओल लागते. म्हणून कोरड्या भिंतीवर आधी पाणी शिंपडून मग चुना मारायची रीत. शिवाय चुन्याच्या थराला बारीक भोकं असतात, भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडते. आजींचं ज्ञान बरोबर होतं. ओल्यावरच हात फिरवायचा.

पण याला दुसरी बाजूही फार जुनी आहे. अजिंठा आपल्या खानदेशच्या हद्दीला लागून. तिथल्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर नदी पुढे आपल्याच तापीला मिळते. तिथल्या चित्रकारांनी खडकावर मातीचा गिलावा केला, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू घातले, अगदी आपण लिंपणाला भुसा घालतो तसं. वर चुन्याचा पातळ हात दिला. तो वाळू दिला आणि मग डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग लावले. राजस्थानात मात्र ओल्या चुन्यावर चित्र काढायची पद्धत आहे, रंग चुन्यातच मुरतो. म्हणजे ओल्याचे रंग वेगळे आणि कोरड्याचे वेगळे, हे कारागिरांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. चूक होते ती एकाचा नियम दुसऱ्याला लावला की.

अजिंठ्याचा निळा सांगायलाच हवा. तो अफगाणिस्तानातून आणलेल्या एका मौल्यवान निळ्या दगडाची पूड आहे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये तोच रंग भट्टीत बनवता आला आणि स्वस्त झाला. कपड्यांना घालायची जुनी नीळ-पावडर ती हीच. आपल्या आयांनी चुन्यात चिमूटभर नीळ टाकली, भिंत दुधासारखी उजळली, तेव्हा त्या अजिंठ्याच्या निळ्याची धाकटी बहीणच भिंतीला लावत होत्या! (नीळीच्या झाडाची नीळ निराळी, आणि आता बाटलीत मिळते ती पातळ नीळही निराळी.)

चुना एकदा सक्तीनेही आला. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला, मग पुण्यात आणि पुढे खानदेशातही पोचला. जंतू मरावेत म्हणून घरोघर चुना मारण्याचे हुकूम निघाले. पुण्यात तपासणीला गोरे शिपाई थेट माजघरात शिरले, सामान बाहेर फेकलं, जाळलं. जो चुना बाई सणाला हौसेने लावायची तो धाकाचा झाला. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

आता सिमेंट. ते इंग्लंडात १८२४ साली निघालं, आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना १९१४ साली सुरू झाला. पण खेड्यातल्या घरापर्यंत यायला फार उशीर झाला. स्वातंत्र्यानंतर सिमेंट परमिटवर मिळायचं. आज्यांना आठवतं, सिमेंट म्हणजे शाळा, पूल, विहिरीचं बांधकाम, घरासाठी दोन पोती मिळवायची तर साहेबाच्या दारात उभं राहायचं. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ साली आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. त्याच वर्षी नियंत्रण निम्मंअर्धं उठलं, १९८९ साली पूर्ण. त्यानंतर आमच्या गावात धाबी भराभर उतरली.

रंगाचे डबे मात्र त्याच्या आधीच आले होते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंग बंद झाले तेव्हा, १९४२ साली, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. तिच्या डब्यावरचा कुंचलेवाला खट्याळ पोरगा, गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. गावात ऑइलपेंटचा लहान डबा यायचा तो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला, उरलाच तर दाराच्या चौकटीला. भिंतीला डिस्टेंपर लागायला बराच काळ जावा लागला.

इथेच घोटाळा झाला. मातीच्या भिंतीवर चुना होता तोवर ओल चालायची. सिमेंटच्या बाहेरच्या भिंतीला स्नोसेम आलं, तेही सिमेंटचंच, त्याला तर भिंत आधी भिजवावी लागते आणि नंतरही पाणी मारावं लागतं. मग आलं डिस्टेंपर, ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट. यांना भिंत कोरडी लागते, आणि तेच कुणी बाईला नीट सांगितलं नाही. तोपर्यंत कुंचा तिच्या हातातून गेला होता. रंग दुकानदार ठरवतो, दिवस रंगारी ठरवतो, तिच्याकडे उरतो फक्त हप्ता.

नव्या सिमेंटच्या गिलाव्यात काय असतं? पाणी आणि तिखट क्षार. ज्यांनी घरी साबण केला आहे त्यांना हे लगेच कळेल. तेल आणि कॉस्टिक एकत्र आलं की साबण होतो. ओल्या गिलाव्यावर ऑइलपेंट मारला की भिंतीतले क्षार रंगातल्या तेलाचा तसाच साबण करतात, रंग मऊ, चिकट होतो, सुटतो. प्लास्टिक पेंटचा साबण होत नाही, पण त्याचा पडदा दाट असतो. आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि पडद्याला फोड आणतं. पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं, खार राहतो. आणि पुट्टी? पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओलसर भिंतीवर बसते, वरून दोन दिवसांत कोरडी ठक्क दिसते. आत भिंत ओलीच. आमच्या मैत्रिणीला पुट्टीनेच फसवलं.

गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायचंच. ते टाळलं तर गिलावा भुसभुशीत होतो, चिरतो. पाणी थांबवल्यावर खिडक्या उघड्या ठेवून तो वाळू द्यायचा. महिना हा कमीत कमी. थंडीत, बंद खोलीत, जाड गिलाव्याला दोन-तीन महिनेही लागतात. ओळखायचं कसं? खताच्या गोणीच्या आतला प्लास्टिकचा कागद हातभर कापा, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. दोन-तीन ठिकाणी लावून पाहा, खाली जोत्याजवळ नक्की.

अजून एक. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याने घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. डब्यावर तसं लिहिलेलं पाहून घ्या. जुनी चौकट घासायची असेल तर पाणी लावून घासा, धूळ उडू देऊ नका, पोरांना शेजारी पाठवा.

आमच्या मैत्रिणीच्या खोलीचं पुढे काय झालं? गटाने तिचे तीन हप्ते पुढे ढकलले. आम्ही सहाजणींनी मिळून पापुद्रे खरवडले, खार कोरड्या ब्रशने झाडला, पाण्याने धुतला नाही, कारण पाण्याबरोबर तो परत आत जातो. होळीपर्यंत खिडकी दिवसभर उघडी. चैत्रात प्लास्टिकचा कागद लावला, तर तीन भिंती कोरड्या आणि मोरीकडची ओली. तीन भिंतींना पुन्हा पोपटी रंग लागला. चौथीला आजींनी चुना भिजवला, त्यात नीळ-पावडरीची चिमूट टाकली, आणि कुंचा स्वतःच्या हातात घेतला. रंगारी दारात उभा राहून बघत होता. लेक अखजीला आली तेव्हा बाळ रांगत होतं, आणि तिने झोळी बांधली ती चुन्याच्या भिंतीकडे, तिकडे गार वाटतं म्हणून.