मुसा बुसी
निजाम सलाबतजंगाच्या दरबारी १७५१ ते १७५८ या काळात वजन राखून असलेला फ्रेंच सेनानी मार्की द बुसी (मृ. १७८५) मराठी कागदपत्रांत या नावाने येतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी, सांप्रत लातूर जिल्ह्यात असलेल्या उदगीर येथे, सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले, तेव्हा मराठ्यांकडील गारद्यांचा, म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या पायदळाचा, सरदार इब्राहिमखान हा याच बुसीच्या हाताखाली तयार झालेला होता, हे निजामाला विशेष झोंबले असावे. बुसी हे फ्रान्समधील अनेक गावांचेही नाव असल्याने सतराव्या शतकातील लेखक बुसी-राब्युतँ याच्याशी त्याची गल्लत करू नये. पुदुच्चेरीतील बुसी रस्ता मात्र, तो आता अधिकृतपणे लालबहादूर शास्त्रींच्या नावाने ओळखला जात असला तरी, याच सेनानीचा.