पावसानंतरच्या आकाशाचा रंग

चीनमध्ये एक आख्यायिका सांगतात. दहाव्या शतकात शिझोंग सम्राटाला (राज्यकाल ९५४ ते ९५९) विचारण्यात आले की राजवाड्यातल्या भांड्यांना कोणता रंग द्यावा? पाऊस उघडल्यावर आकाशाला जो रंग येतो तो द्या, असे त्याने फर्मावले. त्याच्या भट्टीतले म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही भांडे आज उपलब्ध नाही. पण पुढे सुंग घराण्याच्या काळात, हेनान प्रांतात, असा रंग खरोखरच भांड्यांवर उतरला. ही भांडी 'रू' या नावाने ओळखली जातात.

अकराव्या शतकाच्या अखेरीस दरबारासाठी सुरू झालेले हे काम काही दशकांतच थांबले. ११२७ साली जुर्चेन टोळ्यांनी राजधानी काइफंग जिंकली आणि दरबार दक्षिणेकडे पळाला. आज जगभर मिळून जेमतेम शंभर अखंड रू भांडी शिल्लक असावीत.

हा निळसर-हिरवा रंग आला कशातून? कुणालाही आधी तांबे किंवा कोबाल्ट आठवेल. प्रत्यक्षात ते आहे लोखंड! आपल्याकडचे लाल मडके आणि काळे मडके डोळ्यांसमोर आणा. माती एकच असू शकते. आव्यात हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहाचे फेरिक ऑक्साइड होते व मडके लाल भाजते. आवा बुजवून धूर आत कोंडला की ऑक्सिजन अपुरा पडतो, लोहाच्या ऑक्साइडचे क्षपण होते, काजळीही मातीत मुरते आणि मडके काळे निघते.

रूच्या झिलईत लोहाचे ऑक्साइड शेकडा दोनच्या आसपास असते. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. भट्टीत मोकळी हवा असती तर ही काच पिवळट-तपकिरी झाली असती. हवा रोखल्यामुळे लोह फेरस स्वरूपात जाते आणि काचेला निळसर-हिरवी छटा येते. झिलईत टायटॅनियमचा अंश जास्त असेल तर ती हिरव्याकडे झुकते. काचेत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे आणि स्फटिक प्रकाश विखुरतात, म्हणून ती आरपार न दिसता किंचित ढगाळ दिसते.

हेनानमध्येच 'जुन' नावाची भांडी होत. तिथे तर आकाश नुसते उपमेपुरते राहिले नाही. जुनची झिलई थंड होताना, तेल आणि पाणी वेगळे व्हावे तशा दोन प्रकारच्या काचा वेगळ्या होतात. एका काचेचे थेंब दुसरीत अडकतात. हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असल्यामुळे निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाश निळे दिसते तेही अशाच विखुरण्यामुळे.

ऑक्सिजनचा शोध लागला अठराव्या शतकात. त्याआधी सातशे वर्षे भट्टीवरची माणसे हवा किती आत सोडायची ते ज्वाळा आणि धूर पाहून ठरवत होती. लेखी नोंद मात्र भलत्याच गोष्टीची झाली. ११९२ च्या सुमारास चौ ह्वी या लेखकाने रूच्या झिलईत अकीक दळून घालत असल्याचे लिहिले, आणि पुढे शतकानुशतके हेच रंगाचे गुपित मानले गेले. अकीक म्हणजे मुख्यतः सिलिका, रसायनदृष्ट्या गारगोटीच. त्यामुळे काच घडेल, निळाई येणार नाही. आमच्या मते यात नवल नाही. लिहिणाऱ्यांना किमती दगड दिसला, धूर दिसला नाही; आणि ज्यांना धूर कळत होता त्यांचे लिहिलेले काही आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

भट्ट्यांची जागाही विस्मृतीत गेली होती. १९८७ मध्ये बाओफंग तालुक्यातल्या छिंगल्यांगस गावी चाचणी उत्खनन झाले आणि २००० साली दरबारी भट्ट्यांचे अवशेष सापडले. भट्टीत भांडे टेकवायचे बारीक आधारही मिळाले. रू भांड्याला तळालाही झिलई असे, म्हणून ते टोकदार खुंट्यांवर ठेवून भाजत. तळाशी उरलेले तिळाएवढे ठसे आजही अस्सल भांड्याची एक खूण मानतात.

दक्षिणेत गेलेल्या दरबाराच्या काळात लुंगच्वानचे कुंभार पुढे आले. झिलईचे थरावर थर देऊन त्यांनी कच्च्या आलुबुखाऱ्यासारखा गर्द हिरवा रंग मिळवला. त्यांची भाजण्याची पद्धत २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

वर्गात दाखवण्यासाठी बाजारातून एक लाल आणि एक काळे मडके आणावे. काळ्याची एक खापरी चांगल्या तापलेल्या निखाऱ्यांवर, वारा घालत, बराच वेळ ठेवली तर कडेने ती लालसर होऊ लागते.