ऋणमोचनाची प्रार्थना

संपत्ती, पाप आणि ईश्वरी दया या तिहींचा विचार एकाच शब्दात सामावून घेणारी एक प्रार्थना ख्रिस्ती लोक रोज म्हणतात. ती येशूने आपल्या शिष्यांस शिकविली अशी त्यांची श्रद्धा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिच्या पाठात क्षमेची याचना आहे, पण तेथे शब्द ‘पाप’ नव्हे, ‘ऋण’ असा आहे. आम्ही आमच्या ऋणकोंस मोकळे करितो, तसे देवाने आम्हांस करावे, असा तिचा भाव. लूकच्या पाठात मात्र ‘पाप’ हा शब्द येतो. येशूच्या अरामी बोलीत एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या भेदाचा उलगडा होतो.

त्या काळच्या यहुदी शेतकऱ्यास कर्ज ही केवळ उपमा नव्हती. दर सातव्या वर्षी धनकोने कर्ज सोडावे, अशी आज्ञा अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. परंतु ते वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. म्हणून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या आचार्याने कर्ज न्यायसभेच्या स्वाधीन करून पुढे वसूल करण्याची सोय काढली. गरिबांस उसने मिळू लागले, पण ऋणमुक्तीचा मूळ आदेश दुबळा झाला.

येशूच्या एका दृष्टांतात राजा सेवकाचे दहा हजार तालांत सोडतो, आणि तोच सेवक शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरितो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला मनुष्य शंभर दिवसांची सोडीत नाही! राजा आपली दया परत घेतो.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या आम्हांस ही भाषा परकी वाटू नये. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आमच्या घराघरांत सांगितली जाते.

गोमंतकात मात्र ही प्रार्थना राजसत्तेच्या छायेत आली. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली. त्या दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात गेली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. पुढे 1579 साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 साली मराठीत क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. त्याची कोंकणी ‘दौत्रिना’ 1622 साली, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूर येथे छापली गेली. तिच्यातून ही प्रार्थना आमच्याच बोलीत उच्चारिली जाऊ लागली. जमिनी घेणाऱ्यांच्या मुखी ऋणमोचनाचे शब्द होते, ही विसंगती इतिहासाने झाकू नये.

तथापि त्या विसंगतीचा दोष प्रार्थनेवर येत नाही. उलट ती म्हणणाऱ्याचाच हिशेब मागते. आणि हिशेब मागावयाचा, तर तो आम्हांसही चुकत नाही. देवस्थानांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांशी आमच्या महाजनांनी कसा व्यवहार केला, हे आम्हीच आमच्या मनास विचारिले पाहिजे. देवापुढे दयेसाठी हात जोडणाऱ्याने आपल्या ऋणकोकडे पाठ फिरवू नये, एवढे तरी दोन्ही धर्मांस मान्य आहे.