पोटाकडून ओळख

कासव म्हटले की आपल्याला त्याची पाठ आठवते. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासवही आपल्याला पाठच दाखवते. चिखलकासवांच्या वर्गीकरणाकडे वळणाऱ्या वाचकांनी ही सवय घटकाभर बाजूला ठेवावी. वरून ही कासवे अगदी सामान्य दिसतात: मळकट तपकिरी, बरीचशी वीतभराहूनही लहान, डबक्याच्या तळाशी चालणारी. पाहण्यासारखे जे आहे ते खाली, पोटाकडे आहे.

ती मूळची उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतली. ब्राझीलचा प्रवास करून परतलेल्या श्पिक्स या बव्हेरियन निसर्गशास्त्रज्ञाने १८२४ साली त्यांच्या वंशाला ‘किनोस्टर्नॉन’ हे नाव दिले. हलणे आणि छाती अशा दोन ग्रीक शब्दांची ही जोडणी चपखल आहे. पोटाकडच्या कवचाला दोन आडव्या बिजागऱ्या असतात. धोका जाणवला की पुढचा आणि मागचा भाग दारांसारखे मिटतात. जवळच्या ‘स्टर्नोथेरस’ वंशातल्या कस्तुरीकासवांना बिजागरी एकच, तीही फारशी न हलणारी. (कस्तुरी या नावावर भुलून कोणी वास घ्यायला जाऊ नये.) छातीवरच्या खवल्यांची जोडीही पाहा: किनोस्टर्नॉनमध्ये ती त्रिकोणी, स्टर्नोथेरसमध्ये चौकोनी. एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

अवघड प्रकरण आहे ते नावांचे. आफ्रिकेतल्या ‘पेलुसिओस’लाही चिखलकासवच म्हणतात. पोटाची बिजागरी त्यालाही असते आणि जुन्या ग्रंथांत त्याला चक्क ‘स्टर्नोथेरस’ म्हटलेले आढळते. पण ते मान सरळ आत न ओढता बाजूला दुमडून घेते. त्याचे कूळच निराळे.

या घोळाची एक गोष्ट मला फार आवडते. व्हिएन्नाच्या झीबेनरॉक यांनी १९०६ साली फ्लोरिडातल्या एका आणि सेशेल्स बेटांवरच्या म्हणून नोंदलेल्या दुसऱ्या चिखलकासवाला नावे दिली. फ्लोरिडाचे कासव पुढे दुसऱ्या एका जातीची नुसती उपजाती ठरले. सेशेल्सचे कासव पुन्हा कोणाला सापडेना, म्हणून ते नामशेष मानले गेले. २०१३ साली दोन्ही निकाल फिरले. डीएनएच्या तपासणीत फ्लोरिडाचे कासव स्वतंत्र जातीच्या मानाचे निघाले. सेशेल्सचा जुना नमुना मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या एका परिचित जातीचा ठरला. ज्याच्या नाशाची हळहळ चालली होती, ते कासव मुळात कधी नव्हतेच!

तेव्हा जातींची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. ती तुमच्या हाती येईपर्यंत बदललेली असेल. आधी संग्रहालयातला एखादा नमुना उलटा करून बिजागऱ्या मोजा, मग नावांकडे या. अपवाद एका जातीचा. २०१८ साली मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ता या पर्यटकांच्या शहराच्या परिसरातून तिचे पहिले वर्णन झाले. तिच्या नराच्या नाकावर ठसठशीत पिवळा डाग असतो. तिच्यापुरते आधी तोंड पाहिले तरी चालेल.