दारिद्र्य, दैव आणि धर्म

महोत्सवाच्या अंकांत पूर्वजांचे उपकार स्मरावे, नव्या इमारतींचीं चित्रें छापावीं आणि दात्यांस धन्यवाद द्यावे, ही रीत आहे व ती योग्यच आहे. तथापि ज्या गोरगरिबांच्या सेवेचा आपण अभिमान वाहतों, ते गरीब झाले कसे, हा प्रश्न अशा अंकांत क्वचितच निघतो. बुटीबोरीच्या आसमंतांत त्याचें उत्तर शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.

नागपूर व वर्धा यांच्या दरम्यानची ही काळी जमीन कापसाची. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचें नांव विलायतेपर्यंत पोहोंचलें होतें. पूर्वीं हा कापूस घरोघरीं कातला जाई. महार जाडेंभरडें कापड विणीत, उमरेडकडे कोष्टी रेशीमकांठी धोतरें काढीत, आणि कातण्याविणण्याची मजुरी याच मुलखांत राही. इ. स. १८५४ मध्यें भोसल्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि आपल्या शेतांकडे वळली. भाव चढले, १८६५ त युद्ध संपलें आणि ते कोसळले. १८६७ सालीं आगगाडी बुटीबोरीवरूनच नागपुरास गेली. तिनें कापूस नेला, आणि परत येतांना विलायती सूत व कापड आणलें. कातणाऱ्या बाईच्या हातचें काम असें गेलें. तिच्या आळसानें नव्हे.

त्याच सुमारास नव्या जमाबंदीनें मालगुजारांस जमिनीची मालकी दिली. जमीन गहाण टाकतां व विकतां येऊं लागली, म्हणजे सावकारास कर्जाकरितां चांगलें तारण मिळालें. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ व १९०१ च्या शिरगणत्या ताडून पाहिल्या, तर मध्यप्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटलेली दिसते. रूळ होते, गाडी होती, परगांवचें धान्य येऊं शकत होतें. तें घेण्यास मजुराजवळ पैसा नव्हता. दुष्काळ म्हणजे मुख्यतः कामाचा दुष्काळ, हें सरकारच्या १८८० च्या दुष्काळ आयोगानेंच सांगून ठेविलें होतें.

या आपत्तीस लोक काय म्हणत? शेजारी प्रारब्ध म्हणत, आपण देवाची इच्छा म्हणत असूं. शब्द निराळे, परंतु सावकाराला दोन्ही सारखेच सोयीचे! गरीब सदैव तुमच्याजवळ असतील, या प्रभूच्या बोलाचीही आपण ढाल केली. तो बोल अनुवादग्रंथांतील ज्या वचनाची आठवण देतो, तेथें लगेच गरिबासाठीं हात मोकळा सोडण्याची आज्ञा आहे, हें सांगणारा प्रवचनकार विरळाच.

सव्हायहून आलेले संत फ्रान्सिस द सेल्स संस्थेचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नागपुरांत होते. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला. दुष्काळांत मिशनांनीं अनाथ मुलें पदरीं घेतलीं. त्या घांसाचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु घांस देणें निराळें आणि घांस कोणीं काढून घेतला हें विचारणें निराळें. पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालीं आपल्या परिपत्रकांत दुसरा प्रश्न हातीं घेतला: मजूर गरजेपोटीं कमी वेतनास राजी झाला, एवढ्यानें तें वेतन न्याय्य ठरत नाहीं, असें त्यांनीं शिकविलें. त्यांच्यापुढें मुख्यतः युरोपांतील कामगार होते. आपल्या कापसाचा हिशेब मांडणारा पुरुष आमच्या पंथाचा नव्हता, पण ख्रिस्ती होता.

ते जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचे, लंडनमध्यें हिशेबतपासणी शिकले, कोलंबिया विद्यापीठांत हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा व सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां ते वर्ध्याच्या मगनवाडींत राहूं लागले. तेलघाणी, हातकुटीचे तांदूळ, हातकागद, मधमाशा यांत त्यांचे दिवस जात. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष या नात्यानें १९३८-३९ त त्यांनीं शेकडों खेडीं तपासविलीं. कच्चा माल बाहेर जातो व पक्का माल दामदुपटीनें आंत येतो तेथें दारिद्र्य वस्तीस राहतें, हें त्यांच्या म्हणण्याचें सार. तुरुंगांत त्यांनीं येशूच्या आचाराविचारांवर पुस्तक लिहिलें. त्यांची घाणी गिरणीपुढें टिकली नाहीं, आणि यंत्राविषयीं ते थोडे अधिकच कठोर होते, असें माझें मत आहे. परंतु हिशेब चुकला नव्हता. १९६७ सालीं पोप पॉल सहावे यांनीं राष्ट्रांच्या प्रगतीवरील परिपत्रकांत गरीब देशांच्या कच्च्या मालाचे अस्थिर भाव व श्रीमंतांचा चढत्या किमतीचा पक्का माल यांविषयीं जें लिहिलें, तें वर्ध्यास तीस वर्षें आधीं बोललें जात होतें. कुमारप्पा तें वाचावयास उरले नव्हते. १९६० च्या ३० जानेवारीस ते वारले.

आज बुटीबोरीस मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिच्यामुळें पुष्कळ घरांत चूल पेटते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तरी कंत्राटदारामार्फत कामावर जाणाऱ्याच्या मजुरींत त्याचें कुटुंब निभतें कां, हा लिओ पोपांचा प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशीं अद्याप उभाच आहे. मगनवाडींत १९३८ सालीं गांधीजींच्या हस्ते उघडलेलें मगन संग्रहालय आजही आहे. आपल्या स्टेशनाहून वर्ध्याची गाडी धरली, तर सकाळीं जाऊन तें पाहून सायंकाळच्या प्रार्थनेस परत येतां येतें.